मोजलेले मत आणि प्रमाणित मत

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नोव्हेंबर महिन्यात सार्वत्रिक निवडणूक होते. मतदानाची वेळ संपते न संपते तोच आकडे बाहेर पडू लागतात; मध्यरात्रीच्या सुमारास वृत्तसंस्था विजयी उमेदवारांची नावे सांगून मोकळ्या होतात; पराभूत उमेदवार प्रतिस्पर्ध्याचे अभिनंदन करतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जगभरच्या वृत्तपत्रांत निकाल छापून येतो. परंतु कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर त्या सकाळी कोणीही निवडून आलेला नसतो. रात्री जाहीर झालेले आकडे ही केवळ कच्ची रोजकीर्द होय. पक्की खतावणी पुढे दोनतीन आठवडे चालते, ताळा जुळवला जातो, आणि मग तीनचार माणसे एका कागदावर सह्या करतात. त्या सह्या झाल्या म्हणजे मोजलेले मत प्रमाणित होते. तोवर लोकांचे लक्ष दुसरीकडे वळलेले असते आणि सह्यांचा हा समारंभ पाहावयास बहुधा कोणी येत नाही. तथापि त्या देशातील लोकशाहीची खरी कसोटी पुष्कळदा या निर्जन खोलीतच लागलेली आहे.

भारतातील वाचकाला या व्यवस्थेची एक गोष्ट प्रथम चमत्कारिक वाटेल. भारतात लोकसभेच्या व विधानसभांच्या निवडणुकांची सूत्रे राज्यघटनेच्या ३२४व्या कलमान्वये निवडणूक आयोगाच्या हाती आहेत. मतपत्रिकेचा नमुना, मतमोजणीचा दिवस, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याची कर्तव्ये हे सारे देशभर एका नियमाने चालते. अमेरिकेत निवडणुका घेणारी अशी एकमुखी यंत्रणाच नाही. निवडणुकीचा कायदा मुख्यत्वे राज्याचा, आणि त्याची अंमलबजावणी बहुतेक राज्यांत काउंटीची. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग. अशा काउंट्या त्या देशात तीन हजारांहून अधिक आहेत. त्यांचा आकारही सारखा नाही. पॅसिफिक महासागराच्या काठी, देशाच्या वायव्य कोपऱ्यात जे वॉशिंग्टन नावाचे राज्य आहे, त्याच्या ३९ काउंट्यांपैकी गारफील्ड काउंटीत दोन हजारांहूनही कमी मतदार आहेत, तर सिएटल शहर जिच्यात येते त्या किंग काउंटीत दहा लाखांहून अधिक. दोघींना कायदा एकच, आणि दोघींच्या सहीचे मोलही एकच.

या किंग काउंटीचे उदाहरण घेतले म्हणजे मतांची मोजणी व प्रमाणन यांची रीत चांगली ध्यानात येते. त्या राज्यात आता मतदान टपालाने होते. मतदानाच्या दिवसाच्या सुमारे अडीच आठवडे आधी प्रत्येक मतदाराच्या घरी मतपत्रिका पोहोचते. मतदाराने ती भरावयाची, लिफाफ्यात घालावयाची, आणि लिफाफ्यावरील प्रतिज्ञापत्राखाली सही करून तो टपालात अथवा रस्तोरस्ती ठेवलेल्या मतपेटीत टाकावयाचा. लिफाफा कचेरीत आला की त्यावरील सही नोंदणीच्या वेळच्या सहीशी ताडून पाहिली जाते. सही जुळली नाही म्हणून मत तत्काळ बाद होत नाही. दुसरा अधिक जाणता कर्मचारी ती पुन्हा पाहतो. तरीही शंका उरली तर मतदाराला तसे कळवले जाते आणि प्रमाणनाच्या आदल्या दिवसापर्यंत दोष दूर करण्याची संधी दिली जाते. सही मान्य झाल्यावर लिफाफा व मतपत्रिका वेगवेगळ्या केल्या जातात, म्हणजे कोणाचे मत कोणते हे पुढे ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये. त्यानंतर मतपत्रिका यंत्रात घातल्या जातात. परंतु मतदानाच्या दिवशी रात्रीचे आठ वाजल्याखेरीज एकही बेरीज बाहेर पडत नाही.

यंत्राच्या बेरजेवर कोणी आंधळा विश्वास ठेवीत नाही. ज्या मतपत्रिकांतील मते आधीच ठाऊक आहेत अशा नमुन्याच्या मतपत्रिका निवडणुकीपूर्वी यंत्रातून काढून त्याची जाहीर परीक्षा घेतली जाते. निवडणुकीनंतर मतपत्रिकांचे काही गठ्ठे सोडतीने निवडून ते हाताने मोजले जातात आणि तो आकडा यंत्राच्या आकड्याशी ताडला जातो. कोणा मतदाराने वर्तुळ भरण्याऐवजी नावाभोवती रेघ ओढलेली असते. कोणी एक नाव खोडून दुसरे दाखवलेले असते. अशा मतपत्रिकांपुढे यंत्राचे काही चालत नाही. मतदाराचा हेतू काय होता हे माणसाने पाहावे लागते, आणि नियम लावून निर्णय द्यावा लागतो. तो देणारे मंडळ तिघांचे असते: निवडणुकीचा प्रमुख अधिकारी, सरकारी अभियोक्ता आणि काउंटी परिषदेचा अध्यक्ष, अथवा त्यांनी नेमलेले प्रतिनिधी. मंडळाच्या बैठका उघड्यावर होतात. पक्षांचे निरीक्षक समोर बसलेले असतात.

सार्वत्रिक निवडणुकीनंतर २१व्या दिवशी काउंटीचे मंडळ निकाल प्रमाणित करते. इतका काळ कशासाठी, असा प्रश्न साहजिकच पडेल. त्या अवधीत परदेशी असलेल्या सैनिकांच्या मतपत्रिका यावयाच्या असतात, सह्यांचे दोष दूर व्हावयाचे असतात, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ताळा जुळवावयाचा असतो. लिफाफे किती आले, किती स्वीकारले, किती नाकारले, मतपत्रिका किती निघाल्या, किती मोजल्या, मत दिल्याची नोंद किती मतदारांच्या नावे झाली, या साऱ्या रकमा एकमेकींशी पडताळून पाहावयाच्या असतात. कुशल मुनीम ज्याप्रमाणे दिवसअखेर पेढीची शिल्लक आणि वही जुळवल्याखेरीज दिवा मालवीत नाही, त्याप्रमाणेच हे काम चालते. पुष्कळ वेळा पाचदहा मतांचा फरक राहतो आणि त्याचे कारण शोधावे लागते. कोठे दोन लिफाफे एकमेकांस चिकटलेले असतात. कोठे पतीची मतपत्रिका पत्नीच्या लिफाफ्यात गेलेली असते.

ही दक्षता त्या काउंटीला फुकट लाभलेली नाही. तिची किंमत तिने २००४ साली मोजलेली आहे.

त्या वर्षी २ नोव्हेंबरला वॉशिंग्टन राज्याच्या गव्हर्नरपदाची निवडणूक झाली. रिपब्लिकन पक्षातर्फे डिनो रॉसी आणि डेमोक्रॅटिक पक्षातर्फे क्रिस्टीन ग्रेगॉयर उभ्या होत्या. राज्यभर सुमारे २८ लाख मते पडली. काउंट्यांनी पहिली मोजणी प्रमाणित केली तेव्हा रॉसी २६१ मतांनी पुढे होते. फरक इतका अल्प असल्याने कायद्याप्रमाणे यंत्रांनी फेरमोजणी झाली, आणि आघाडी ४२ मतांवर आली. ३० नोव्हेंबरला राज्याचे सचिव सॅम रीड यांनी तो निकाल प्रमाणित केला व रॉसी हे नियोजित गव्हर्नर ठरले. परंतु त्या राज्याच्या कायद्यात आणखी एक तरतूद होती. पराभूत पक्षाला खर्चाची रक्कम अनामत भरून सगळी मते हाताने मोजून मागता येत. डेमोक्रॅटिक पक्षाने सात लाख डॉलरांहून अधिक रक्कम भरली आणि २८ लाख मते तिसऱ्यांदा मोजावयास घेतली गेली.

हाताची मोजणी चालू असताना डिसेंबरमध्ये किंग काउंटीत एक अकल्पित गोष्ट घडली. काउंटी परिषदेचे सभासद लॅरी फिलिप्स हे आपल्या भागातील नाकारलेल्या मतांची यादी चाळीत होते. त्या यादीत त्यांना स्वतःचेच नाव आढळले. त्यांनी तर रीतसर मत दिले होते आणि सहीही केली होती. चौकशी करता असे निष्पन्न झाले की, संगणकात त्यांच्या सहीचे चित्रच उतरवलेले नव्हते. तुलनेसाठी सही मिळाली नाही, आणि मूळ नोंदणीचा कागद फडताळातून काढून पाहण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. असे मतदार एकटे फिलिप्स नव्हते. प्रथम ५७३ मते अशी निघाली, पुढे आणखी सापडली, आणि ही संख्या सातशेच्या वर गेली. या मतदारांचा अपराध कोणता? कचेरीच्या संगणकात त्यांची सही नव्हती, एवढाच.

रिपब्लिकन पक्षाने हरकत घेतली. दोनदा प्रमाणित झालेल्या मोजणीत जी मते धरली नव्हती ती आता धरणे हे फेरमोजणीच्या व्याख्येत बसत नाही, असे त्या पक्षाचे म्हणणे होते, आणि ते अगदीच पोकळ होते असे म्हणता येत नाही. खालच्या न्यायालयाने मोजणीस मनाईही केली. परंतु २२ डिसेंबर रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई एकमताने उठवली. मंडळाला आपली चूक दिसून आली असेल तर ती सुधारण्याचा त्याला अधिकार आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. पात्र ठरलेली मते मोजली गेली, आणि अखेरच्या हिशेबात ग्रेगॉयर १२९ मतांनी पुढे निघाल्या.

आता सही करण्याची पाळी पुन्हा सॅम रीड यांच्यावर आली. रीड हे स्वतः रिपब्लिकन पक्षाचे. महिन्यापूर्वी आपल्याच पक्षाच्या उमेदवाराला त्यांनी विजयी ठरवले होते. काउंट्यांच्या प्रमाणित आकड्यांची बेरीज आता विरुद्ध बाजूस झुकत होती. स्वपक्षीयांचा रोष होणार हे उघड होते. २००४च्या ३० डिसेंबरला त्यांनी ग्रेगॉयर यांच्या विजयावर सही केली. राज्य सचिवाने बेरीज पाहावयाची असते. बेरीज कोणास अनुकूल आहे हे पाहावयाचे नसते, हे त्यांनी वर्तनाने दाखवून दिले.

वाद येथे संपला नाही, आणि संपू नये अशीच कायद्याची रचना आहे. प्रमाणनाने निकाल अधिकृत होतो. तो निर्दोष असल्याचा दाखला मिळत नाही. ज्याला दोष दाखवावयाचा असेल त्याने न्यायालयात जावे. भारतातही निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने निकाल जाहीर केल्यावर ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करता येते, तत्त्व तेच. रॉसी यांच्या बाजूने शेलॅन काउंटीच्या न्यायालयात दावा दाखल झाला. २००५च्या ६ जून रोजी न्यायाधीश जॉन ब्रिजेस यांनी निकाल दिला. सोळाशेहून अधिक मते बेकायदा पडल्याचे त्यांनी मान्य केले. शिक्षा झाल्यामुळे ज्यांचा मताधिकार गेला होता अशांचीही मते त्यांत होती. किंग काउंटीच्या कारभारावरही त्यांनी ताशेरे ओढले. परंतु ती मते कोणाला पडली याचा पुरावा काय? ज्या भागात ग्रेगॉयर यांना अधिक मते मिळाली त्या भागातील बेकायदा मतेही त्याच प्रमाणात त्यांच्या खात्यातून वजा करावीत, ही मागणी न्यायाधीशांनी फेटाळली. अंदाजाने मते वजा करता येत नाहीत. निकाल कायम राहिला, आणि रॉसी यांनी पुढे अपील केले नाही.

या प्रकरणातून किंग काउंटीने बोध घेतला ही तिच्या श्रेयाची गोष्ट होय. २००९पासून तेथील निवडणूक प्रमुख नेमला न जाता लोकांकडून निवडला जाऊ लागला. त्याच वर्षी ती टपाली मतदानाकडे वळली. रेंटन येथील तिच्या निवडणूक कचेरीत नागरिकांना फिरत फिरत काचेतून सगळे काम पाहता येते. चूक लपवण्याची सोयच नसली म्हणजे ती सापडते, आणि सापडली म्हणजे सुधारता येते.

ही झाली मोजणाऱ्यांच्या चुकीची कथा. तिच्याहून वेगळा प्रकार मिशिगन राज्यात २०२० साली दिसला. डेट्रॉइट शहर ज्या वेन काउंटीत आहे, तेथील मंडळात चार सभासद असतात, दोन एका पक्षाचे, दोन दुसऱ्याचे. १७ नोव्हेंबरला मंडळ भरले तेव्हा काही मतदान केंद्रांतील मतदारांची नोंदवही व मतपत्रिकांची संख्या यांत थोडथोडा फरक असल्याचे कारण पुढे करून दोघांनी विरुद्ध मत दिले, आणि मंडळ दोनास दोन असे अडले. त्याच रात्री पुन्हा मत घेण्यात आले व निकाल एकमताने प्रमाणित झाला. परंतु त्या काही तासांत लाखो मतांचे भवितव्य टांगणीस लागले होते. राज्यातील मतदारांनी हे विसरावयाचे नाही असे ठरवले. २०२२च्या नोव्हेंबरात त्यांनी राज्याच्या घटनेत दुरुस्ती केली आणि निकाल प्रमाणित करणे हे कारकुनी स्वरूपाचे कर्तव्य आहे, त्यात स्वेच्छेला वाव नाही, असे घटनेतच लिहून ठेवले.

त्याच महिन्यात दूर नैर्ऋत्येस ॲरिझोना राज्यात या कर्तव्याची उघड पायमल्ली झाली. मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेल्या कोचीस काउंटीचा कारभार तीन निर्वाचित पर्यवेक्षक पाहतात. ८ नोव्हेंबर २०२२ रोजी झालेल्या निवडणुकीचा निकाल प्रमाणित करण्याची शेवटची तारीख होती २८ नोव्हेंबर. त्या दिवशी तिघांपैकी दोघा रिपब्लिकन पर्यवेक्षकांनी, मोजणीयंत्रांच्या मान्यतेविषयी शंका असल्याचे सांगून, प्रमाणन पुढे ढकलले. काउंटीच्या मोजणीत चूक झाली असे त्यांचेही म्हणणे नव्हते. प्रकरण न्यायालयात गेले. १ डिसेंबरला न्यायाधीशांनी आज्ञा केली की, त्याच दिवशी सायंकाळी पाचच्या आत निकाल प्रमाणित करावा. दोन पर्यवेक्षक जमले व त्यांनी तो प्रमाणित केला. तिसरे बैठकीला आले नाहीत.

या हट्टातील विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे. ती काउंटी बहुसंख्येने रिपब्लिकन. तिची सुमारे ४७ हजार मते राज्याच्या बेरजेतून गळली असती तर काँग्रेसच्या एका जागेवर व राज्याच्या शिक्षणाधिकाऱ्याच्या पदावर रिपब्लिकन उमेदवारांऐवजी डेमोक्रॅटिक उमेदवार निवडून आले असते. म्हणजे ज्यांच्या नावाने हा अडवणुकीचा खटाटोप चालला होता त्यांचीच मते कचऱ्यात गेली असती. ज्या शेतकऱ्याने, खाणकामगाराने, निवृत्त शिपायाने उन्हातान्हात जाऊन मत दिले त्याचा या वादाशी काय संबंध होता? दोन माणसांनी सही नाकारली म्हणून ४७ हजारांनी मुके व्हावे, ही कल्पना कोणत्याही पक्षाच्या सुजाण माणसास रुचणार नाही. पुढे २०२३ साली त्या दोघांवर फौजदारी आरोप ठेवण्यात आले.

सकृद्दर्शनी येथे एक कोडे उभे राहते. सही नाकारताच येत नसेल तर सही घ्यावयाचीच कशाला? याचे उत्तर किंग काउंटीच्या कथेत आहे. सही करणाऱ्याला स्वेच्छा नसली तरी जबाबदारी आहे. ताळा जुळवणे, फरकाचे कारण शोधणे, नाकारलेल्या मतांची यादी पुन्हा पाहणे, सापडलेली चूक मुदतीच्या आत दुरुस्त करणे, हे सारे त्याने सहीच्या आधी करावयाचे असते. हिशेब केला तो हा असा आहे, इतकेच त्याची सही सांगते. हा निकाल मला पसंत आहे, असे ती सांगत नाही. पेढीवरच्या मुनिमाने हिशेबात चूक निघाली तर ती दाखवावी. परंतु नफा मालकाच्या भावाला गेला म्हणून वही बंद करून किल्ली खिशात घालण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही. संशयाचा निवाडा करावयास न्यायालये आहेत. तेथे पुरावा मागितला जातो, उलटतपासणी होते, दोन्ही बाजू ऐकल्या जातात. मोजणीच्या टेबलाशी बसलेल्या माणसाने न्यायाधीशाचे आसन बळकावले तर मोजणीही राहत नाही आणि न्यायही राहत नाही.

लोकशाहीचे वर्णन करताना सभा, भाषणे, मिरवणुका व जयघोष यांचीच आठवण होते. परंतु मतदाराने एकांतात केलेली खूण राज्याच्या सत्तेपर्यंत पोहोचते ती एका लांब साखळीने. ती साखळी टपालवाहक, सह्या ताडणारे कारकून, गठ्ठे मोजणारे हंगामी कामगार, खिडकीशी बसलेले निरीक्षक आणि शेवटी सह्या करणारे दोनचार लोक यांनी बनलेली असते. त्यांतल्या बहुतेकांची नावे कोणाला ठाऊक होत नाहीत. २००४ साली २८ लाख मतांत १२९ मतांनी राज्याचा कारभार एकीकडून दुसरीकडे गेला, आणि तो गेला तेव्हा रस्त्यावर दगड पडला नाही. हरलेला उमेदवार न्यायालयात गेला, तेथेही हरला, आणि घरी परतला. हे घडू शकले, कारण फडताळातील कागद पुन्हा काढून पाहणारी माणसे होती, आणि नको असलेल्या आकड्याखाली सही करणारा एक माणूस होता.